लोहाऱ्याचे लोखंड

गेली सतरा वर्षे मी भूगोल शिकवीत आहे. खनिजांचा धडा आला म्हणजे फळ्यावर पहिले वाक्य मी ठरलेले लिहीत असे : 'जेथे लोखंड तेथे कारखाने, आणि जेथे कारखाने तेथे नगरे.' वाक्य सुटसुटीत असल्यामुळे मुलांस ते लवकर पाठ होई व परीक्षेत त्यास गुणही मिळत. ते खरे आहे की नाही, हे पडताळून पाहण्याची बुद्धी मला गतवर्षापर्यंत झाली नव्हती, हे या वार्षिकाच्या वाचकांपुढे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

गतवर्षी नववीच्या वर्गात हे वाक्य लिहून मी वळतो न वळतो तोच मागल्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. तो आमच्या वसतिगृहात राहतो. त्याचे घर गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीकडे. स्वभावाने तो अबोल आहे. तो म्हणाला, "सर, लोखंड आमच्या डोंगरात आहे. मग नगर कोठे आहे?" वर्ग हसला. मला उत्तर सुचले नाही, आणि उत्तर न सुचलेला शिक्षक बहुधा जे करतो तेच मी केले. "विषयांतर करू नकोस, बैस खाली," असे कठोर स्वराने म्हटले. तो बसला, आणि पुढे महिनाभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही.

प्रश्न विषयांतराचा नव्हता, विषयाचाच होता, हे मला त्याच दिवशी कळले होते. म्हणून मी वाचावयास बसलो आणि वाचून झाल्यावर एका शनिवारी सर्व वर्गास घेऊन नागपूरच्या अजबबंगल्यात गेलो. ही जागा मी मुद्दाम निवडली होती. नागपूर प्रांतातील खडक आणि जीवाश्म यांचा ज्यांनी प्रथम कसून अभ्यास केला त्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे. १८४५ साली ते स्कॉटलंडहून सुवार्तेसाठी येथे आले. शाळा चालवून जो वेळ उरे त्यात हातोडी घेऊन ते रानोमाळ हिंडत, आणि १८६३ साली टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. मिशनच्या शाळेतील मुलांनी दगडाकडे तुच्छतेने पाहू नये, एवढे त्यांच्या चरित्रावरून मी नेहमी सांगतो.

परंतु त्या दिवशी मला दुसरीच कथा सांगावयाची होती. जुन्या चांदा जिल्ह्यात लोहारा नावाचे गाव आहे. (गडचिरोली हा १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता.) लोहाऱ्याच्या टेकडीतील लोहखनिजाविषयी रिटर फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने केलेला अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. नागपूर त्यांस परके नव्हते. १८७७ पासून त्यांची एम्प्रेस मिल येथे चालू होती. लोहाऱ्यापासून फार दूर नसलेल्या वरोऱ्यास कोळशाची खाणही होती. लोखंड आहे, कोळसा आहे. मग हिंदुस्थानातील पोलादाचे पहिले मोठे नगर चांद्यातच वसावयास हवे होते! माझ्या फळ्यावरील वाक्याप्रमाणे तर ते वसलेच असते.

ते अडले कोळशापाशी. झोतभट्टीत खनिज आणि इंधन थरांवर थर रचून घालतात. तेथे साधा कोळसा चालत नाही, कोक लागतो. विशिष्ट जातीचा कोळसा बंद भट्टीत हवेवाचून तापविला म्हणजे त्याचा कठीण, सच्छिद्र कोक बनतो. तो वरचा सारा भार सोशितो आणि खालून येणाऱ्या वाऱ्यास वाटही देतो. वरोऱ्याच्या कोळशापासून असा कोक होत नाही. नमुने जर्मनीस पाठवून परीक्षा झाली, ती प्रतिकूल आली. शिवाय खाणींविषयीचे सरकारी नियमही त्या काळी जाचक होते. जमशेटजींनी तो बेत जवळजवळ वीस वर्षे मनात ठेवून दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पुत्र दोराबजी अमेरिकन भूस्तरज्ञ वेल्ड यांस घेऊन चांद्याच्या रानात पुन्हा हिंडले. खनिज चांगले, पण विखुरलेले, असे वेल्ड यांचे मत पडले. निराश होऊन दोराबजी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. तेथे वेळ होता म्हणून समोरच्या अजबबंगल्यात शिरले, आणि तेथील एका भूस्तरीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा गडद रंग त्यांच्या दृष्टीस पडला. ते दल्ली-राजहराचे डोंगर होत. त्यांची नोंद भूस्तरखात्याच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८७ सालीच करून ठेविली होती. खनिज अत्युत्तम निघाले, तथापि तेथेही कोकचा कोळसा जवळ नव्हता. अखेर त्याच बोसबाबूंनी १९०४ साली मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसाणीच्या डोंगराविषयी टाटांस पत्र लिहिले. झरियाचा कोळसा त्या बाजूस होता. १९०७ साली जागा ठरली ती सुवर्णरेखा व खरकाई यांच्या संगमाजवळील साकची या आदिवासी खेड्याची. १९११ च्या डिसेंबरात तेथे पहिले लोखंड वाहिले, आणि १९१९ साली त्या वस्तीचे नाव जमशेदपूर झाले.

येथे मी मुलांस थांबविले. साकचीत लोखंडाची खाण नव्हती, कोळशाचीही नव्हती. नद्यांचे पाणी होते, जवळ काळीमाटीचे स्टेशन होते, आणि खनिज व कोळसा या दोहोंची तेथे गाठ पडत होती. आणखीही एक गोष्ट होती. जागा ठरण्याच्या पाच वर्षे आधी, १९०२ साली, जमशेटजींनी मुलास पत्र लिहून रुंद रस्ते, सावलीची झाडे, खेळाची मैदाने, आणि देवळे, मशिदी व ख्रिस्तमंदिरे यांसाठी जागा राखून ठेवण्यास बजाविले होते. ज्या गोरुमहिसाणीने आपला डोंगर दिला, तिचे नाव आमच्या वर्गात एकासही ठाऊक नव्हते. मलाही ते गतवर्षीच कळले.

राजहराचे पुढे काय झाले म्हणाल, तर १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्याच डोंगराचे खनिज तेथे जाऊ लागले; कोळसा दुरून आगगाडीने आणविला. चांद्याच्या ज्या कोळशास पोलादाने नाकारिले, त्यावर आज चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. त्या विजेचे दिवे आमच्या शाळेत लागतात; राख मात्र चंद्रपुरात राहते.

हे सांगून झाल्यावर मी त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली. तो लाजला. मग हळूच म्हणाला, "सर, आता आमच्या सूरजागडचा दगड निघतो आहे. दिवसरात्र ट्रक जातात. आमचे नाव राहील ना?" अनुवादाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त देशाचे वर्णन आहे, त्यात तेथील दगडांत लोखंड असल्याचा उल्लेख येतो. परंतु तो देश तेथे राहणाऱ्यांस दिलेला होता, हे मला त्या क्षणी प्रथमच जाणवले. चामोर्शी तालुक्यात कोनसरीस कारखाना उभा राहिला आहे, आणि खाणीच्या उत्पन्नातील अंश बाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हावा असा कायदा २०१५ साली झाला आहे, एवढे मी त्यास सांगितले. नाव राहीलच, असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

यंदा ते वाक्य मी फळ्यावर लिहिले नाही. कोरा नकाशा काढला आणि लोहारा, राजहरा, गोरुमहिसाणी, साकची आणि सूरजागड ही पाच ठिकाणे मुलांस भरावयास लाविली. तास अपुरा पडला. तो मुलगा आता दहावीत आहे. परवा शाळा सुटल्यावर त्याने मला गाठून विचारले, भट्टीत चुनखडी कशासाठी घालतात? याचे उत्तर मला येत होते. आम्ही दोघे पायरीवर बसलो, आणि वसतिगृहाची जेवणाची घंटा होईपर्यंत तो वहीत लिहून घेत होता.