मीमवरचा पेश

गोष्ट 2023 सालच्या पावसाळ्यातली. आम्ही अंबाडीला राहतो आणि तालुक्यातल्याच एका उर्दू शाळेत शिकवतो. भिवंडी-वाडा रस्त्यावरचे हे गाव वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणाऱ्यांना नाक्यापुरते ठाऊक असते. त्या दिवशी पाऊस इतका होता की निम्मा वर्ग रिकामा होता. आलेल्या मुलांना काहीतरी सोपे द्यावे म्हणून आम्ही फळ्यावर फुलांची नावे लिहिली आणि एकेकाला वाचायला उभे केले.

गुलाब झाला, चमेली झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील लूमवर कामाला. तिने बोट धरून अक्षरे जुळवली आणि मोठ्याने वाचले, "सूरज मक्खी!"

वर्ग फुटला. मुले बाक बडवू लागली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ती म्हणाली, "सर, मक्खी ही तो लिखा है।" मग खाली बसली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने वर्गात तोंड उघडले नाही. नाव पुकारले की उभी राहायची, पुस्तकाकडे बघायची आणि गप्प. आम्ही तिला 'कमजोर' ठरवून मोकळे झालो. बी.एड.ला मुलांच्या चुकांचे विश्लेषण या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. गुणही बरे पडले होते.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा घरी राहायला आला. तिकडे नोकरी मिळेल या आशेने त्याने मुंबईत जपानी भाषेचा क्लास लावला होता. रात्री तो वही उघडून बसला की आम्हीही शेजारी बसायचो. शिकवणाऱ्याला शिकण्याची हौस असतेच. जपानीत दोन वर्णमाला आहेत, त्या उच्चाराप्रमाणे लिहितात. त्यांच्या जोडीला चीनहून आलेली चित्राक्षरे आहेत, त्यांना कांजी म्हणतात. गंमत अशी की एकाच कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार असतात. फुलाची कांजी एकटी आली तर 'हाना'. तीच फुलदाणीच्या शब्दात आली की 'का'. शेजारी कोण बसले आहे, त्यावर अक्षराचा आवाज ठरतो.

आम्ही म्हटले, फुलांची नावे काढ. त्याने मोबाइलवरच्या कोशातून तीन कांजी उतरवून दिल्या. पहिलीचा अर्थ एखाद्या दिशेला तोंड करणे, दुसरीचा सूर्य, तिसरी भेंडी-जास्वंदीच्या कुळातल्या झाडाची. अर्थ आम्ही झटकन ओळखला. सूर्याकडे तोंड केलेले फूल, म्हणजे आपले सूर्यफूलच! मग आम्ही ऐटीत, शिकलेले उच्चार जुळवून वाचले, "को-निचि..."

भाचा पोट धरून हसला. "मामू, हिमावारी! हि म्हणजे सूर्य, मावारी म्हणजे फिरणे. तिन्ही अक्षरे मिळून एकच शब्द, सुटी वाचायची नाहीत."

आमचे कान तापले. चूक कुठे होती? अक्षरे बरोबर, उच्चारही शिकलेलेच. आणि त्याच क्षणी ती मागच्या बाकावरची मुलगी आठवली. फूलही तेच होते!

उर्दूत मुखी लिहिताना मीम, काफ, दोचश्मी हे आणि छोटी ये. मक्खी लिहितानाही तेच. मुखीच्या मीमवर पेश हवा, मक्खीच्या मीमवर जबर आणि काफवर तश्दीद. पण ही चिन्हे आपण रोजच्या लिखाणात सोडून देतो. जाणत्याला त्यांची गरज नसते. तिने जे लिहिले होते तेच वाचले होते. न लिहिलेले आम्ही तिच्याकडून मागत होतो.

भाच्याने मग आणखी एक नाव दाखवले. अक्षरांचा अर्थ 'शंभर दिवस लाल', वाचायचे मात्र 'सारुसुबेरी', म्हणजे माकड घसरते! खोड इतके गुळगुळीत की माकडही निसटावे. हे झाड आपल्या ताम्हणाचा चुलतभाऊ. ताम्हण महाराष्ट्राचे राज्यफूल, म्हणजे नाते घरचेच निघाले. पण अशा शब्दांवर जपानी लोक नवशिक्याला एकटे सोडत नाहीत. मुलांच्या पुस्तकात कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार छापतात, त्याला फुरिगाना म्हणतात. आम्हाला आमचा कायदा आठवला. जेर, जबर, पेश सगळे जागच्या जागी असलेले ते लहानपणचे पुस्तक. मुलाच्या हातून ते आपण किती लवकर काढून घेतो!

देवनागरी या बाबतीत बरीच दयाळू, मात्रा सोडत नाही. पण तीही काही राखून ठेवतेच. चाफ्यातला च आणि चमेलीतला च लिहायला एक, बोलायला दोन. आमची मुले मराठीच्या तासाला चाफा वाचताना अडखळतात ती इथेच. आमच्या गावाचे नावही तसेच. देवनागरीत साधा ड, उर्दूत कानाला ऐकू येते म्हणून ड़े. मुले डाल लिहितात आणि आम्ही लाल पेन चालवतो.

सुट्टीनंतर शाळा उघडली. आम्ही फळ्यावर पुन्हा तोच शब्द लिहिला, चिन्हांशिवाय. मुलांना म्हटले, "याचे दोन उच्चार होतात. त्या दिवशी हिने वाचला तो बरोबर होता. पेश आम्ही लिहिला नव्हता, चूक आमची." वर्ग शांत झाला. ती खाली बघत होती. आम्ही खडू तिच्यापुढे धरला. बराच वेळ ती हलली नाही. मग उठली आणि मीमच्या डोक्यावर एक छोटासा पेश काढून आली. बोलली काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात तिने अंबाडीचे फूल आणले, फिकट पिवळे, मध्ये गडद लाल. सोबत वहीचे पान, वर लिहिलेले 'गुल'. आम्ही तपासायला घेतले तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, पेश डाला है। नहीं तो कोई गिल पढ़ेगा।" गिल म्हणजे चिखल, माती.

आता ती वाचते, हळू वाचते. लिहिताना मात्र जिथे गरज नाही तिथेही जेर, जबर, पेश घालते. परीक्षेच्या पेपरात तिच्या ओळी मुंग्या लागल्यासारख्या दिसतात. आम्ही एकही खोडत नाही.