घरी राहणाऱ्यांची बाजू

वाचकहो, मे महिना उजाडला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच संवाद घडतो. पुण्याहून किंवा मुंबईहून मुलाचा फोन येतो, "या खेपेस काही ऐकणार नाही. महिनाभर इकडेच यायचे. गाडी पाठवतो." आपण गुडघ्यांचे कारण सांगता. मग तुळशीला पाणी कोण घालील असे विचारता. शेवटी शेजारच्या घरचे लग्न पुढे करता. खरे कारण मात्र ओठांवर येत नाही. ते इतकेच असते, की आपणांस जावेसे वाटत नाही.

हे सांगण्याचा संकोच वाटावा, असे आपल्याकडचे वातावरण आहे. देशाटनाने शहाणपण येते, असे आपल्याला शाळेतच शिकवले गेले. आता तर प्रवास सोपाही झाला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांपर्यंत अर्धे तिकीट आहे. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला आहे. अशा वेळी "मला घरीच बरे वाटते" असे म्हणणारा माणूस हेकट ठरतो. त्या माणसाची बाजू आज मांडावयाची आहे.

जालना जिल्ह्यातच या विषयाचे एक जुने घर आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी लग्नमंडपातून तो निघून गेला, बारा वर्षे नाशिकजवळच्या टाकळीस तप केले आणि पुढची बारा वर्षे भारतभर हिंडला, हे आपण सारे जाणतो. चोवीस वर्षांनी तो जांबला परतला तेव्हा आईची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते.

या कथेत आपले लक्ष नेहमी दारात उभ्या असलेल्या प्रवाशाकडे जाते. जरा घराच्या आत पाहू या. त्या चोवीस वर्षांत राणूबाईंजवळ कोण होते? थोरले चिरंजीव गंगाधरपंत. तेही रामभक्त आणि व्यासंगी होते, 'रामी रामदास' या नावाने त्यांनी रचना केली. पण ते घरी राहिले. संसार, देवघर आणि आई यांचा भार त्यांनी वाहिला. संप्रदायात त्यांना 'श्रेष्ठ' असे म्हणतात. श्रेष्ठ म्हणजे थोरला हे खरे. तरी घरी वृद्ध आईवडिलांची सेवा करणाऱ्या वाचकांनी त्या शब्दाचा दुसरा अर्थही आपल्यापुरता घेण्यास हरकत नसावी. एकाच घरातून एक भाऊ निघाला, दुसरा थांबला आणि दोघांनाही रामच हवा होता.

वारीच्या महाराष्ट्रानेही न जाणाऱ्यांना दूर लोटलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे सावता माळी आपल्या मळ्यात राबले, आणि त्यांना पंढरीस जाण्याची गरज पडली नाही. विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असे वारकरी मानतात. खुद्द पंढरपुराची कथा पाहा. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला थांबावयास सांगितले, म्हणून देव विटेवर उभा राहिला.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. जुन्या जालन्यात, कुंडलिका नदीच्या अलीकडे आमचे घर आहे. आई तेथेच सून म्हणून आली आणि तेथेच म्हातारी झाली. पहाटे कडुनिंबावर कावळे ओरडू लागले की ती उठते. अंगण झाडते, सडा घालते, ओट्यावर बसून भाजीवालीशी दोन पैशांसाठी हुज्जत घालते. आमच्या मोसंबीच्या मळ्यातून गडी आला की आंबिया बहार कसा धरला आहे, मृगाचे पाणी पडेल की नाही, याची चौकशी करते. आषाढी आटोपून शेगावकडे परतणारी गजानन महाराजांची पालखी जालन्यातून जाते, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडते. पंढरपूर आपल्या गावावरून जात असताना आपण कशाला हलायचे, असे तिचे म्हणणे.

एका उन्हाळ्यात मी हट्टाने तिला पुण्यास नेले. सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास. वाटेत लघवीला उतरावे लागू नये म्हणून ती पाणीच प्यायली नाही, हे मला नंतर कळले. तिसऱ्या रात्री ती झोपेतून उठली आणि आमच्या जालन्याच्या घरात न्हाणीघर ज्या बाजूला आहे, त्या बाजूला चालू लागली. तेथे कपाट होते. कपाळावर टेंगूळ आले, हाड मोडले नाही, एवढेच नशीब. दिवा लावला तेव्हा ती विचारीत होती, "हे कुणाचं घर आहे रे?" तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

वाचकहो, यात हट्टीपणा नव्हता. वय वाढले की शरीर घराला सरावते. उंबरा किती उंच, भिंत कोठे धरावयाची, किती पावलांवर न्हाणीघर, हे सारे पाय जाणतात, डोळ्यांना पाहावे लागत नाही. जागा बदलली की हा आधार सुटतो. त्यात पाणी कमी पडले, झोप मोडली, औषधांच्या वेळा चुकल्या, तर वृद्ध माणसाला तात्पुरता भ्रम होऊ शकतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांना तर परके घर अधिकच घाबरवते. चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. प्रवास नकोसा वाटण्यामागे शरीराचे असे शहाणपण असू शकते.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि तीही मला आईनेच शिकवली. गेल्या वर्षीपासून ती संध्याकाळच्या कीर्तनालाही जाईनाशी झाली. "कंटाळा येतो," म्हणे. पुण्याला न येणारी आई दोन गल्ल्यांपलीकडच्या मंदिरात का जात नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तपासणीत मोतीबिंदू निघाला. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी तिचे डोळे दिपत, रस्ता दिसेनासा होई, आणि ते सांगण्याची तिला लाज वाटे. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा कीर्तनाला जाऊ लागली. पुण्याला मात्र अजूनही येत नाही.

म्हणून सेवा करणाऱ्यांना विनंती आहे, की 'आवड' आणि 'लक्षण' यांतील फरक ओळखा. जन्मभर घरी रमलेला माणूस घरीच रमत असेल तर ती आवड आहे. पण रोज फिरावयास जाणारे वडील अचानक जाईनासे झाले, ओटा सोडून खोलीत बसू लागले, शेजाऱ्यांना टाळू लागले, तर कारण शोधा. कमी ऐकू येणे, लघवीवर ताबा न राहणे, गुडघेदुखी, पडण्याची भीती, मनाची उदासी किंवा विसरभोळेपणाची सुरुवात यांपैकी काहीही असू शकते. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

आणि घरी राहणाऱ्या ज्येष्ठांना विनंती, की घरी राहा, पण खाटेवर राहू नका. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम सुचविते. प्रकृती आणि डॉक्टर यांच्या सल्ल्याने ते बसवावे. अंगणात फेऱ्या मारता येतात, भिंतीला हात लावून टाचा उंचावता येतात, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचा सराव करता येतो. कोवळ्या उन्हात बसावे. दिवसातून एका तरी माणसाशी समोरासमोर बोलावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे.

कधी उपचारासाठी किंवा नातवाच्या लग्नासाठी जावेच लागते. तेव्हा सकाळी निघा, म्हणजे उजेडात पोहोचाल. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून चार पावले चाला. औषधे आणि त्यांची यादी हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नव्हे. रोजची उशी, पांघरूण आणि तांब्या बरोबर घ्या. पोहोचल्यावर आधी न्हाणीघराची वाट दाखवा, दोन वेळा चालवून घ्या आणि रात्री तेथे मंद दिवा ठेवा. परतीचा दिवस आधीच सांगून टाका. घरी केव्हा जायचे हे ठाऊक असले की परके घर सोसवते.

आमच्या घरी आता रीत उलटी झाली आहे. मे महिन्यात आम्हीच जालन्याला जातो. मुले ओट्यावर मोसंबी सोलतात, आई त्यांना साल कोठे टाकायची यावरून रागावते. रात्री मी अंगणात झोपतो. पहाटे केव्हातरी ती उठते, अंधारातच भिंत धरून न्हाणीघराकडे जाते आणि परत येते. तिची पावले कोठेही अडखळत नाहीत. ती परत आडवी झाल्याचा आवाज येईपर्यंत मी जागा असतो.