मागे फिरताना

आमचे बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच. पावागडाची चढण हीच आम्हां बडोदेकरांची मोठी चढण. तेवढ्या अनुभवाच्या बळावर काही वर्षांपूर्वी मी चार तरुणांसह गंगोत्रीहून गोमुखाकडे निघालो.

वाट सुमारे १८ किलोमीटरांची. चीडबासा मागे पडले, भोजवृक्षांवरून नाव पडलेले भोजबासा आले. उंची सुमारे ३,८०० मीटर. त्या खोऱ्यात शिळांचे व रेतीचे प्रचंड ढीग दिसतात. ते हिमनदीनेच आणून टाकलेले. १९३५ पासून तिचे मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. तेथे आज मनुष्य चालतो.

भोजबासास एका तरुणाचे मस्तक ठणकू लागले, पोटात अन्न ठरेना, पाय लटपटू लागले. गोमुख अवघे चार-पाच किलोमीटर उरले होते. मी म्हणालो, "रात्रभर विसावा घे, सकाळी बरे वाटेल." तो म्हणाला, "फादर, मी बरा आहे."

वाटाड्या मात्र म्हणाला, "फादरजी, येथे हवा विरळ आहे. हे दुखणे विसाव्याने नव्हे, खाली उतरल्याने बरे होते."

मी ओशाळलो. आम्ही सर्वच तत्काळ उतरू लागलो. चीडबासा ओलांडल्यावर त्या तरुणाने प्रथमच पाणी मागितले. ते त्याच्या पोटात ठरले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गोमुखाचे दर्शन मला घडले नाही. परंतु वाचकहो, वडीलधाऱ्यांच्या भिडेने "मी बरा आहे" म्हणणाऱ्याच्या शब्दांवर न विसंबता त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढे मी त्या वाटेवर शिकलो.