न फोडलेली शेंग

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, की मला माझ्या एक रुग्ण, ताई, आठवतात. २०१५ साल. मनोविकारांचा डॉक्टर होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. सगळं कळतं असं वाटायचं ते वय.

जाऊ जेवणात काहीतरी कालवते, हा ताईंचा पक्का समज. त्यामुळे भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी, केळी एवढंच त्या खायच्या. ज्याला साल आहे तेच. अपवाद एकच, लेकीच्या हातचं वरण. देवऋषी झाला, दर्गा झाला. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. मराठवाड्यात तेव्हा एकही नव्हतं. गोळी तर त्या हातातही धरत नव्हत्या. मी रंग-चव नसलेल्या थेंबांची बाटली लेकीच्या हाती दिली. म्हणालो, वरणात टाक, सांगू नकोस.

दोन महिन्यांत ताई झोपू लागल्या, रानात जाऊ लागल्या. मी स्वतःवर भलताच खूश.

मग एक दिवस त्या एकट्याच आल्या. पिठाच्या डब्यामागे सापडलेली बाटली टेबलावर ठेवली. "म्हंजे कालवूलाले होते की. मी येडी नव्हते."

काय बोलणार? जो संशय आजार म्हणून मी कागदावर लिहिला होता, तो मीच खरा करून ठेवला होता. "मी सांगितलं होतं, ताई. लेकीला बोलू नका," एवढंच म्हणालो. त्या उठून गेल्या. औषध सुटलं, पुन्हा शेंगा सुरू.

त्यानंतर दर महिन्याला गावच्या आशा कार्यकर्तीला घेऊन मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. औषधाचा विषय काढायचा नाही, हे स्वतःला बजावलेलं. पहिले दोन महिने त्या दाराआडूनच बघायच्या. तिसऱ्या खेपेला शेंगांचं सूप पुढे सरकवलं. माझी शेंग मी फोडायची, त्यांची त्यांनी. पिकाचं, पावसाचं बोलणं व्हायचं. हे काम मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

२०१६चा उन्हाळा. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. ताईंच्या गावात टँकरची वाट बघणं. तशात त्यांनी तांब्याभर पाणी आणलं, आधी स्वतः दोन घोट प्यायल्या, मग तांब्या माझ्यापुढे धरला. "घ्या डॉक्टर. काय बी नाही त्यात."

जाताना म्हणाल्या, "गोळ्या द्या. पण पाकीट फोडलेलं नको. मी फोडीन."

उपचारांची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क मानणारा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. माझी शिकवणी त्याआधीच झाली होती, फी मात्र दुसऱ्यांनी भरली. कारण गोळ्या सुरू झाल्यावरही लेकीच्या हातचं वरण खायला ताईंना आणखी एक वर्ष लागलं. त्या वर्षाचं देणं मी त्या पोरीला लागतो.