घास कमी, कस पूर्ण

मधुमेह व वजन कमी करण्यासाठी दिले जाणारे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन भूक शमवते. जठर रिकामे होण्याचा वेगही मंदावतो. अर्ध्या भाकरीतच पोट भरते, पण शरीराची प्रथिनांची गरज काही निम्मी होत नाही. ती भागली नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि उतारवयात ही झीज भरून काढणे फार कठीण. म्हणून जेवणाचा क्रमच बदलावा लागतो: आधी अंडे, मासा, पनीर किंवा घट्ट वरण-उसळ, मग भाजी, भात शेवटी. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. चहा-बिस्किटांवर दिवस काढणे सर्वांत वाईट. पाणी पिणेही कमी होते, बद्धकोष्ठता जडते. पाणी, ताक घोटघोट घेत राहावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही चालू असल्यास जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकते, तेही तपासून घ्यावे.