फांसे आणि फुरसत

रविवारीं रात्रीं नऊच्या सुमारास आमच्या खोलीचें दार लागलें कीं पलीकडे मातोश्रींचे कान टवकारतात. आंत फांशांचा खुळखुळाट होतो, क्षणभर शांतता पसरते, आणि मग चार दूरच्या शहरांतून चार आवाज एकदम उठतात, "मेला! मेला!" पाणी पिण्यास आम्ही बाहेर आलों कीं मातोश्री निवडावयाच्या तांदळावरून दृष्टि न काढतां विचारतात, "आज कोण मेलें रे तुमचें?" चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थास आईनें असा प्रश्न विचारावा आणि त्यानें "एक राक्षस" असें उत्तर द्यावें, हें कांहीं फारसें शोभादायक नव्हे. पण गेलीं पांच वर्षें आम्ही हेंच उत्तर देत आलों आहों, आणि तें देतांना आम्हांस लाज वाटत नाहीं. ती कां वाटत नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेख.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघां अमेरिकनांनीं 1974 सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें त्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि त्यावरून पुढें असे शेंकडों खेळ निघाले. खेळणारांपैकीं एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो : पुढें नदी आहे, पूल मोडला आहे, मागून शत्रु येत आहेत. बाकीच्यांनीं एकेक सोंग घेतलेलें असतें. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. त्या सोंगास जें सुचेल तें ज्यानें त्यानें सांगावयाचें. बेत साधेल कीं फसेल अशी शंका आली, म्हणजे वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा. सूत्रधारानें ठरविलेल्या आंकड्याइतकें किंवा अधिक दान पडलें तर साधलें, नाहींतर फसलें. या खेळांत कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. गोष्ट तेवढी पुढें जाते.

आपल्याकडे फांशांचें नांव काढलें कीं धर्मराज आठवतो, नळराजा आठवतो, आणि शहाणीं माणसें मान हालवितात. पण त्या दोघांचा नाश झाला तो फांशांनीं नव्हे, पणानें. आमच्या खेळांत पणास लावावयास वेळेखेरीज दुसरें कांहीं नसतें. आणि सोंग घेण्याचें म्हणाल, तर आम्ही झाडीपट्टीचीं माणसें! दिवाळीनंतर आमच्याकडे गांवोगांव नाटकांचा हंगाम सुरू होतो. ज्या गांवीं दिवसा शंकरपट, त्या गांवीं रात्रीं नाटक, आणि तें पहांटेपर्यंत. रात्रीं राजा होऊन गर्जना करणारा माणूस सकाळीं धानाच्या बांधावर उभा असतो, याचें आमच्याकडे कोणास नवल वाटत नाहीं. याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांस 2023 सालीं ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हां साऱ्या झाडीपट्टीस आपल्याच घरीं कांहीं आल्यासारखें वाटलें. सोंग घेणें हा आमच्या मुलखांत पोरखेळ समजला जात नाहीं.

परंतु आमच्या खेळाचें खरें मूळ अमेरिकेंत नाहीं आणि झाडीपट्टींतही नाहीं. तें जवाहरनगरच्या वसाहतींत आहे. नागपूरहून भंडाऱ्यास जाणाऱ्या महामार्गालगत, दारूगोळ्याच्या कारखान्यासाठीं वसलेलें हें नगर. आम्हां पांचांचे वडील त्या एकाच कारखान्यांत होते. वसाहतींत शेजारचें घर बंगाल्याचें, समोरचें तेलुगु माणसाचें, आणि जेवण तिन्ही घरीं मिळून, असा आमचा बालपणींचा क्रम. त्या वसाहतीचा एक नियम मात्र लहानपणीं आमच्या ध्यानांत आला नव्हता : घर नोकरीचें असतें, माणसाचें नसतें. वडील सेवानिवृत्त झाले कीं क्वार्टर सोडावयाचें. दुसऱ्यांचीं मुलें नोकरीसाठीं गांव सोडतात व सुटींत परत येतात. वसाहतीच्या मुलांस परत यावयास दार उरत नाहीं. ज्या अंगणांत आम्ही चेंडू हरविले तेथें आज दुसऱ्यांचीं मुलें चेंडू हरवीत असतील. पांचांपैकीं एकटे आम्हीच या परिसरांत घर बांधून राहिलों. एकजण पुण्यास, एक हैदराबादेस, एक दुबईस आणि एक न्यू जर्सींत गेला.

आम्ही संबंध राखण्याचे यत्न केले नाहींत असें नाहीं. पण "काय चाललें आहे?" या प्रश्नास "ठीक" याखेरीज उत्तर मिळेना, आणि त्या उत्तरापुढें दूरध्वनीवर बोलावयाचें तरी काय? भ्रमणध्वनीवरील आमच्या मंडळांत वाढदिवसाच्या केकचीं चित्रें तेवढीं फिरत. मग 2020 सालच्या टाळेबंदींत पुणेकरांनीं हा खेळ काढला. पडद्यावर पांच चौकोन, आणि ज्याचा फांसा त्याच्या घरीं. दान काय पडलें तें त्यानेंच सांगावयाचें, पाहणारा कोणी नाहीं. लहानपणीं क्रिकेटमध्यें आपण बाद झालों हें एकदांही मान्य न करणारे आमचे दुबईकर स्नेही आज "एक पडला" असें प्रांजळपणें सांगतात, तेव्हां वय वाढल्याचा एक तरी फायदा झाला असें वाटतें.

वेळेचें गणित मात्र राक्षसांहून अवघड ठरलें. आमचे रात्रींचे नऊ म्हणजे दुबईस साडेसात आणि न्यू जर्सींत हिवाळ्यांत सकाळचे साडेदहा. मार्चमध्यें तेथें घड्याळें तासभर पुढें सरकवितात. पहिल्या वर्षीं हें ध्यानांत न घेतां न्यू जर्सीकर आपल्या साडेदहाच्या ठोक्यास हजर झाले. आमच्याकडे तेव्हां आठ वाजले होते व आमचा घांस हातांतच होता. शेवटीं आम्हीं तीन नियम केले. तिघे जमले तरी खेळ होईल. दोन तासांवर एक मिनिटही चालणार नाहीं. आणि जो गैरहजर असेल त्याचें सोंग त्या दिवशीं मागें घोडे राखीत बसेल. मुलांच्या परीक्षा, कचेरीचीं कामें, सासरचीं लग्नें या साऱ्यांत आमचे घोडे कधींच बेवारस राहिले नाहींत!

सूत्रधारानें रचलेला मुलूख आमच्या ओळखीचाच आहे. तेथें किल्ले थोडे आणि तलाव फार, जसे भंडाऱ्याकडे जुने मालगुजारी तलाव असतात तसे. एका रविवारीं अशाच एका तलावाची पाळ फुटूं लागली. पाळीवर एक म्हातारा राखणदार बसलेला, तो उठेना. त्यास उचलून नेण्यास अठरा हवे होते. हैदराबादकरांच्या सोंगानें, म्हणजे एका तोंडाळ चोरानें, फांसा टाकला : तीन. आम्ही सर्वांनीं सांगितलें, "सोड त्याला, पळ." चोर म्हणाला, "मी थांबतों." मग बराच वेळ पडद्यावर कांहींच ऐकूं आलें नाहीं; आणि नंतर चोराचा आवाज सोडून आमचे स्नेही आपल्या आवाजांत म्हणाले, "बाबा गेले तेव्हां मी विमानतळावर होतों."

त्यांचे वडील गेले त्यास तेव्हां चार वर्षें झालीं होतीं. आम्हीं सर्वांनीं त्यांस दूरध्वनि केले होते, आणि सर्वांस "ठीक आहे" हेंच उत्तर मिळालें होतें. सोंगाच्या आडून जें बाहेर पडलें तें समोरासमोर पडलें नव्हतें.

24 जानेवारी 2025 रोजीं, शुक्रवारीं सकाळीं, जवाहरनगरच्या कारखान्यांत स्फोट झाला व आठ कामगार प्राणांस मुकले. त्या दोन दिवसांविषयीं आम्ही येथें लिहीत नाहीं. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांचा तो अधिकार. रविवारीं, 26 जानेवारीस, कोणी कोणास बोलाविलें नसतां नऊ वाजतां पांचही चौकोन उजळले. तीन महिने घोडे राखीत बसलेले दुबईकरही आले. पुणेकरांनीं विचारलें, "खेळावयाचें का?" उत्तर कोणीच दिलें नाहीं. मग आम्ही वसाहतीविषयीं बोलूं लागलों. आमच्यापैकीं प्रत्येकाचे वडील वर्षानुवर्षें सकाळीं त्या फाटकांतून आंत गेले आणि पाळी संपल्यावर परत आले. त्यांचें परत येणें आम्हीं सूर्यास्तासारखें धरून चाललों होतों. तेंही दान होतें, रोज पडणारें, आणि तें टाकतांना आमच्या आयांचा जीव कोठें असेल, हें त्या रात्रींपर्यंत आमच्या मनास शिवलें नव्हतें. आमच्या खेळांत सोंग मेलें तर कोरा कागद घेऊन दुसरें लिहितां येतें. त्या रात्रीं फांसे डबींतच राहिले. दोन तासांचा नियम प्रथमच मोडला.

बारा वाजून गेल्यावर आम्ही बाहेर आलों. मातोश्री जाग्याच होत्या. त्यांनीं नेहमींचा प्रश्न विचारला नाहीं, "सगळे आले होते का?" एवढेंच विचारलें. आम्हीं "सगळे" म्हणतांच त्या उठून झोंपावयास गेल्या.

फुरसत मिळाली म्हणजे भेटूं, असें म्हणणाऱ्या मित्रांच्या भेटी होत नाहींत, हा आमचा अनुभव आहे. फुरसत नेमावी लागते, आणि नेमलेल्या वेळीं बसावयास कांहीं निमित्त लागतें. ज्यांस गांव आहे त्यांस जत्रा आहे, शेत आहे, ओसरी आहे. आमच्याजवळ वीस बाजूंचा एक फांसा आहे. पुढच्या रविवारीं तलावापलीकडचें जंगल ओलांडावयाचें आहे. तेथें कोणी मरेल अशी धास्ती आहे, आणि मातोश्रींस उत्तर द्यावें लागणार आहे.