गुरुवारची प्रार्थना कोणाच्या घरी?

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा उपासनेसाठी चर्चमध्ये गेलो. वय वर्षे एकसष्ट. चर्चची घंटा माझ्या घरात ऐकू येते, म्हणजे अंतर काही फार नाही. तरी एवढं चालायला मला एकसष्ट वर्षं लागली.

गाव नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच. इथल्या एका हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायचे ते माझे मित्र. सगळी शाळा त्यांना मास्तर म्हणायची, मीही तेच म्हणतो. मास्तर ख्रिस्ती. दर ईदला सकाळी दहाच्या ठोक्याला दारात हजर. शिरखुर्मा दोन वाट्या, तिसरी डब्यात. माझे अब्बा वारले तेव्हा कब्रस्तानात शेवटच्या रांगेमागे हात बांधून उभे होते. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनीही तीन मुठी माती दिली.

आणि मी? दर नाताळच्या आधी मास्तर म्हणायचे, "या की सकाळी उपासनेला, मग घरी जाऊ." मी दरवर्षी दुपारी जायचो. करंज्या खायचो, केक खायचो, गप्पा मारायचो. सकाळी मात्र कधी पाहुणे, कधी दुखणं, कधी लग्न. सत्तावीस नाताळ, सत्तावीस कारणं. गणिताच्या शिक्षकाला हा हिशेब लपवता येत नाही.

खरं कारण भीती होतं. देवाची नव्हे, माणसांची. मोहल्ल्यातल्या कोणी पाहिलं तर? "सर चर्चमध्ये काय करत होते?" एवढ्या एका प्रश्नाला मी भ्यालो. मास्तरांना ते कळत असणार. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

ऑगस्टमध्ये मास्तर गेले. नोव्हेंबरच्या शेवटी वहिनींचा फोन आला. "भाई, रविवारी मंडळीत यांची आठवण करणार आहेत. तुम्ही आलात तर बरं वाटेल." या वेळी माझ्याकडे कारण नव्हतं.

ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. इमारत ते चर्च, माणसं ती मंडळी. हा शब्द मला पहिल्यापासून आवडायचा. आपल्याकडे त्याला 'जमात' म्हणतात. नमाज एकट्याने होते, पण जमातीने पढलेल्या नमाजेचं मोल अधिक, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मास्तर म्हणायचे, "आमचंही तसंच. घरात बसून बायबल वाचता येतं, पण एकट्याची मंडळी होत नाही."

दारात पहिला प्रश्न पडला, चप्पल काढायची की नाही? काही जोडे बाहेर होते, काही पायांत आत गेले होते. मी काढली. सवय. मागच्या बाकावर बसलो. पुढे पेटी आणि तबला. मला वाटलं होतं, पियानो असेल, इंग्रजी गाणी असतील. सिनेमात पाहिलेलं चर्च डोक्यात होतं. पण पेटीवाल्याने सूर धरला आणि सुरू झालं ते भजन. शेजारच्या गृहस्थांनी 'उपासना संगीत' हे पुस्तक माझ्यासमोर सरकवून ओळीवर बोट ठेवलं. खाली नाव, ना. वा. टिळक.

रेव्हरंड टिळक आपल्याला 'फुलांमुलांचे कवी' म्हणून शाळेत भेटतात आणि तिथेच सुटतात. कोकणातल्या करजगावात 1861 साली जन्मलेला हा ब्राह्मण 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि पुढची कित्येक वर्षं नगर-राहुरीच्या परिसरात काढतो. ज्ञानोबा-तुकोबांना न सोडता ख्रिस्ताकडे गेलेला माणूस. म्हणून त्यांच्या मंडळीला अभंग मिळाला, टाळ मिळाला, कीर्तन मिळालं. पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्या साऱ्या ओढाताणीबद्दल लिहिलं आहे. मास्तर आठवी-नववीला ते शिकवताना रडवायचे आणि हसवायचेही.

ते भजन ऐकताना मला श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले. आमच्याच जिल्ह्यातले. मुसलमान घरात जन्मून मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे. मास्तर आणि मी एकदा सायकलवरून श्रीगोंद्याला जायचं ठरवलं होतं. तेही राहून गेलं.

या शहरात ख्रिस्ती माणूस काल आलेला नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' 1842 साली इथूनच निघू लागलं. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला इथे सिंथिया फरार यांच्याकडे आल्या होत्या. मी ज्या पेशात जन्म घालवला त्याची एक पायरी या मिशनच्या अंगणात आहे. आणि मी त्या अंगणाबाहेरून रोज सायकल दामटत गेलो.

पाळकसाहेबांचा संदेश मरियमेवर होता. नाताळच्या आधीचे चार रविवार त्यांच्याकडे आगमनकाळ म्हणून पाळतात. दिवस भरलेली मरियम, बेथलेहेम गाव, आणि उतारशाळेत जागा नाही. पाळकसाहेब म्हणाले की लोक वाईट नव्हते, फक्त प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी जागा देईल.

मी मान खाली घालून ऐकत होतो. आपल्या कुरआनात एका सूरहचं नावच मरियम आहे, एकोणिसावी. तिथे उतारशाळा नाही, गोठा नाही. तिथे मरियम अलैहिस्सलाम लोकांपासून दूर गेलेल्या आहेत. कळांनी हैराण होऊन खजुराच्या बुंध्याशी बसलेल्या. याआधीच मेले असते तर बरं, इतपत निराशा. मग खालून दिलाशाचा आवाज येतो, पायाशी झरा, डोक्यावर पिकलेले खजूर. दोन्हीकडच्या गोष्टी वेगळ्या. पुढे त्या बाळाला कोण मानायचं यावर तर आपल्या वाटा पारच वेगळ्या. ते ईसांना देवाचा पुत्र म्हणतात, आपण अल्लाहचे पैगंबर. हा फरक चहात साखर विरघळावी तसा विरघळत नाही, विरघळवायचं कारणही नाही. पण बाळंतपणाच्या वेळी जागा नसलेली बाई दोन्हीकडे तीच आहे.

मग मास्तरांची आठवण झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे "आमेन" म्हणाले. माझ्या तोंडून "आमीन" निघालं. शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि हळूच हसले.

शेवटी चिटणीस सूचना वाचायला उभे राहिले. आपल्याकडे जुम्म्याला खुतब्याआधी होतात तशाच. बुधवारी महिला मंडळ. शनिवारी तरुण संघाची गाण्यांची तालीम. पुढच्या आठवड्यापासून नाताळची गाणी घेऊन घरोघरी, ज्यांना आपल्या घरी बोलवायचं आहे त्यांनी नावं द्यावीत. शब्बाथ शाळेच्या मुलांची नाटिका, मेंढपाळांसाठी घोंगड्या हव्यात. पंचवीस तारखेला सकाळी उपासना, नंतर प्रीतिभोजन. एकतीसच्या रात्री वर्षअखेरची उपासना. प्रभुभोजन कधी, अर्पणाचा हिशेब कुठे लावला आहे. ऐकताना मला मौज वाटली. डेगची, सतरंज्या, वर्गणी, वेळेवर या. देव वेगळ्या नावाने हाका मारून घेत असेल, पण चिटणीस सगळीकडे एकच असतो.

आणि मग ते थांबले. "गुरुवारची घरगुती प्रार्थना. ठिकाण नंतर कळवण्यात येईल."

सभेत जरा शांतता पसरली. काही वेळाने बाहेर चहाच्या वेळी वहिनींनी सांगितलं. ही प्रार्थना एका आजींच्या खोलीत व्हायची. आजींना चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मंडळीच त्यांच्याकडे जाते. दहा-बारा माणसं, दोन भजनं, एक वचन, चहा. पण कोणीतरी तक्रार केली की इथे गर्दी जमते, इथे काहीतरी चालतं. घरमालक घाबरला. माणूस वाईट नाही, पण म्हणाला की पुन्हा लोक जमवू नका, नाहीतर खोली सोडा. बाकीचे बरेच जण भाड्याच्याच घरांत. त्यांचेही मालक आहेत.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये पुण्यात मुलाकडे होतो. त्याच्या सोसायटीत आम्ही आठ जण एका फ्लॅटच्या हॉलमध्ये तरावीह पढायचो. लाउडस्पीकर नाही, काही नाही. चौथ्या दिवशी सांगण्यात आलं की हे बंद करा, रहिवाशांना त्रास होतो. कोणाला, कसला, ते सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, जाऊ द्या. राहायचंय इथे." आम्ही जाऊ दिलं. त्या रात्री मी एकटा पढलो. अल्लाहने कबूल केली असेल, पण जमात तुटल्याचं जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

निघताना एका म्हातारबांनी हात कपाळाला नेऊन "सलाम" केला. मराठी ख्रिस्ती माणूस भेटला की सलामच म्हणतो, त्यांच्या मराठी बायबलातल्या पत्रांच्या शेवटीही एकमेकांना सलामच सांगितलेले असतात. मी "वालेकुम" म्हणता म्हणता थांबलो आणि नुसतं "सलाम" म्हणालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आमचा हॉल मोठा आहे, मुलं बाहेरगावी, घर स्वतःचं. हे मी बोललो नाही, नुसता हॉलकडे बघत बसलो. ती भाजी निवडत म्हणाली, "नमाज की खोली छोड के बाकी घर हैच ना."

एवढं सोपं नव्हतं. रात्रभर मनात चाललं. माझ्या छताखाली असे शब्द म्हटले जातील जे मी मानत नाही. मी त्यात सामील होतो का? सकाळी धाकट्या भावाला सांगितलं. तो भडकलाच. "लोक काय म्हणतील? आणि उद्या कोणी तक्रार केली तर तुझ्यावर दुहेरी शेकेल." दुसरा मुद्दा खोटा नव्हता. पहिल्याला मी उत्तर दिलं. नजरानचं ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेला आलं, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, आणि पैगंबरांनी (स.) त्यांना आपल्या मशिदीतच ती करू दिली, असं सीरतच्या जुन्या ग्रंथात, इब्न इसहाककडे, आहे. ते ईसांबद्दल वाद घालायलाच आले होते. वाद झाला, कोणी कोणाचं मान्य केलं नाही, तरी जागा मिळाली. जागा देणं म्हणजे शब्दांवर सही करणं नव्हे. सूरह हजमध्ये तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी यांचा एका दमात उल्लेख आहे, या सगळ्यांत अल्लाहचं नाव घेतलं जातं म्हणून.

भाऊ म्हणाला, "तो काळ वेगळा होता." त्याला पटलेलं नाही. गुरुवारी तो येणार नाही, पण त्याने आडकाठीही केली नाही.

मग वहिनींना फोन केला. मला वाटलं होतं, त्या आनंदाने हो म्हणतील. त्या गप्प झाल्या. "भाई, तुम्हाला त्रास होईल. पंचांना विचारावं लागेल." पंचांतही दोन मतं पडली म्हणे. मुसलमानाच्या घरात प्रार्थना, उगाच आगीत तेल नको, असं एकाचं म्हणणं. मला राग आला नाही. मी सत्तावीस वर्षं जे केलं तेच तो माणूस करत होता, आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा खरं कारण होतं. मंगळवारी संध्याकाळी निरोप आला: येतो. आजींनी हट्ट धरला म्हणे, मास्तरांच्या मित्राचं घर मला बघायचंय.

तर येत्या गुरुवारी, मगरिब आणि इशाच्या मध्ये, सात वाजता आमच्या हॉलमध्ये बारा-तेरा माणसं जमणार आहेत. आजींसाठी रिक्षा सांगितली आहे, आमच्या दाराला एकच पायरी आहे. शेजारच्या दोन घरांत मी स्वतः जाऊन सांगून आलो, चोरी नाही म्हणून. भजन होईल तेव्हा मी दारापाशी बसेन. प्रार्थना त्यांची, घर माझं. कोणी विचारायला आलं तर उत्तर द्यायला घरमालक हजर असेल. या वेळी त्याला घाबरून चालणार नाही.

या सगळ्याने मास्तरांचे सत्तावीस नाताळ फिटत नाहीत. तो हिशेब माझ्याकडे बाकीच राहणार. पण पंचवीस तारखेला सकाळी मी जाणार आहे, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी पाहुणे यायला नकोत.

आता बायकोचा प्रश्न आहे, चहा प्रार्थनेच्या आधी द्यायचा की नंतर? हे मास्तरांना विचारलं असतं. वहिनींनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "नंतर. आणि भाई, आजींच्या कपात साखर नको."